बोटीची जमीन

आदल्या दिवशी दुपारी बाबांनी गॅलरीतल्या कुंड्या एका कडेला सरकवल्या, बोटीच्या जमिनीवर घालायच्या विनाइलचे नमुन्याचे तुकडे उन्हात रांगेनं मांडले आणि मला चपला काढायला लावल्या. तुकडे जेमतेम दोन पावलं मावतील एवढे होते. दुकानदाराकडून त्यांनी ते गोड बोलून आणले होते आणि आणल्यावर पहिला सबंध दिवस नुसते हातात धरून, उजेडाकडे तिरके करून, कडा चिमटीत घासून बघितले होते, कापड बघावं तसे. आता पायांची पाळी होती. "डोळे मिटून एकेकावर उभी राहा," ते म्हणाले, "आणि काय वाटतं ते सांग. रंग मागाहून. रंग काय, कोणीही बघतो." आतून आई म्हणाली, "अहो, तिला आधी जेवू तरी द्या. बोट काय पळून चाललीय?" बाबा म्हणाले, "बोट नाही, ऊन पळतंय." मी डोळे मिटले. पहिला तुकडा गुळगुळीत होता आणि तापलेला, मी टाच उचलली तेव्हा ते म्हणाले, "चटका बसतो ना? गडद आहे. उन्हाळ्यात काळा कोट शिवू नका म्हणून लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, कुणी ऐकलं?" मग त्यांनी त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं, माझा पाय निसटला आणि मी त्यांचा खांदा धरला. "हं. अस्तर आहे हे. अस्तर आतून ठीक, त्यावर चालायचं नाही." दुसरा तुकडा मऊ होता, खाली फोम लावलेला, आणि त्यावर उभं राहिलं की पाय कुणाच्या तरी पोटावर पडल्यासारखा वाटे. तिसरा विणलेला होता. "हा टोचतो जरा," मी म्हणाले, "पण धरून ठेवतो." बाबांना हे फारच आवडलं. "टोचतो पण धरून ठेवतो," त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "आपल्या घरात कोण बरं असं?" "ऐकू येतं मला," आई म्हणाली. "ताटं घेतली आहेत."

हे सगळं मलाच का विचारायचं, याचं बाबांकडे एक उत्तर होतं आणि ते त्यांनी दुकानदारालाही ऐकवलं होतं. हिची नजर खाली असते, ते म्हणत. सगळे पाणी बघतात, डोंगर बघतात, पक्षी बघतात. आमची ही बोटीची जमीन बघते. यात त्यांना माझ्या स्वभावातलं काहीतरी खोल, वाचनातून आलेलं वगैरे दिसत असावं. मी वाचनालयात काम करते, घरात मला थट्टेनं पंडिता म्हणतात, आणि पंडितांनी खाली बघून विचार करावा हे त्यांना साजेसं वाटत असेल. खरी गोष्ट फार साधी होती. मला पाण्याची भीती वाटते. त्याला काही कारण नाही. लहानपणी बुडता बुडता वाचले, कुणी ढकललं, असलं काही घडलेलं नाही. नुसतं एवढंच, की आपल्या खाली काहीतरी हलतं आहे आणि त्याला तळ आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही, या जाणिवेनं माझ्या पोटऱ्या दगड होतात. म्हणून मी बोटीवर पाय ठेवला की नजर खाली घालायची आणि परत येईपर्यंत ती वर काढायची नाही. बाबांनी आता उखडून टाकलेल्या त्या जुन्या कार्पेटचा मी नकाशा काढून दिला असता. स्टिअरिंगच्या पायाशी ऑइलचा लांबट डाग, दाराजवळ झिजून पडलेलं टक्कल, मागच्या बाकाखाली सिगारेटचं एक जळकं भोक, जे आमचं नव्हतं, आधीच्या मालकाचं होतं. दर रविवारी मी त्या भोकाकडे बघत तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन येत असे.

बोट बाबांनी दुकान बंद केल्यावर घेतली. कोट शिवणारा माणूस; तयार कपड्यांच्या जमान्यात जेवढे दिवस तग धरला तेवढे दिवस धरला आणि एका सकाळी कात्र्या तेल लावून गुंडाळून ठेवल्या. आता घरात बसून भिंतीला टाके घालणार का, असं आईनं विचारलं, तर पंधरवड्यात ही बोट. दोन लांब ॲल्युमिनियमची नळकांडी, त्यांवर फळ्यांचा सपाट पाट, भोवती कठडा, वर ताडपत्रीचं छप्पर. नाव म्हणावी तर नाव नाही, होडी म्हणावी तर होडी नाही. पाण्यावर फिरायला निघालेली गॅलरी. "गॅलरी आहे की घरात एक," आई म्हणाली होती, आणि त्यानंतर ती कधी बोटीवर आलीच नाही. आम्ही दोघं जायचो. मी तेव्हा वेगळी राहायला लागले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका खोलीत, पुस्तकांनी उरलेल्या जागेत. आणि रविवारी सकाळी बाबा खाली येऊन हॉर्न वाजवत. त्यांना बोट चालवताना पाहणं हा एक प्रकार होता. ती इतकी हळू चालवत की बदकं पुढे जात. जन्मभर लोकांच्या अंगावर वाकून उभा राहिलेला माणूस ताठ बसून स्टिअरिंग धरायचा आणि काहीही महत्त्वाचं बोलायचा नाही. कुणाचा एक खांदा किती खाली होता, कोण ट्रायलच्या वेळी पोट आत ओढायचा आणि मग कोट घट्ट झाला म्हणून भांडायला यायचा. "मी म्हणायचो, साहेब, श्वास सोडा. कोट तुम्हाला बसवायचा आहे, तुम्हाला कोटात नाही." मी खाली बघत हसायची. माझाही श्वास वर अडकलेलाच असे. त्यांना ते कळलं होतं का, हा प्रश्न मी नंतर पुष्कळदा उलटून पालटून बघितला आहे. माणसाच्या छातीभोवती टेप धरण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला शेजारी बसलेल्या पोरीचा श्वास कळू नये? पण बाप असणं आणि शिंपी असणं वेगळं असेल. जे परक्या माणसाच्या अंगावर दिसतं ते घरच्या माणसाच्या अंगावर दिसत नाही, किंवा दिसूनही आपण मापात धरत नाही.

त्या दुपारी जेवताना त्यांनी तीन वेळा सांगितलं, की या विनाइलचा पन्हा बोटीच्या रुंदीपेक्षा मोठा आहे. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. आमच्या घरात हा शब्द मिठासारखा असे. "म्हणजे सबंध बोटीला एक तुकडा. एकही जोड नाही. असं कापड मला आयुष्यात मिळालं नाही." आई म्हणाली, "मग कुठला घेताय?" ते म्हणाले, "रात्री झोपून विचार करतो. सकाळी सांगतो." मी माझ्या घरी गेले. सकाळी फोन वाजला तेव्हा मी दात घासत होते. आई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अगं, बाबा उठत नाहीयेत."

त्यानंतरचे दिवस मला वरून आठवत नाहीत, खालूनच आठवतात. दवाखान्याच्या लॉबीतली ठिपक्यांची फरशी, जिच्यावर साफसफाईचा ओला पट्टा वाळत वाळत अरुंद होत गेला. घरी आलेल्यांची पावलं. दारात बुटांचा ढीग आणि त्यात प्रत्येक जोडीची झिजायची आपापली बाजू. लोक येत होते, माझ्या पाठीवर हात ठेवत होते आणि आईला सांगत होते, "मुलगी किती समंजस. किती सावरलंय तिनं." मी चहाचे कप गोळा करत होते. माझ्यात काही सावरलेलं नव्हतं. बोटीवर जे करत आले तेच मी घरात करत होते, नजर खाली आणि पोटऱ्या दगड. धाकटा भाऊ दूरच्या शहरातून आला, बाबांच्या खोलीत एकटा बसून हमसून हमसून रडला, मग तोंड धुऊन आला आणि कामाला लागला. तो तसाच आहे, रडतोही नीट आणि कामही नीट करतो. कागदपत्रं, बँक, गॅस. जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "ताई, बोटीचं काय करायचं? कुणी बघणारं नाही. पलीकडच्या काठावरचा तो रिसॉर्टवाला घ्यायला तयार आहे. फक्त जमीन पूर्ण करून द्या म्हणतोय. तुला काय वाटतं?" मला वाटत होतं, की बोट विकू नये. हे वाटणं इतकं सरळ आणि इतकं अडाणी होतं की त्याला धरून एक वाक्यही पुढे सरकेना. जिथे मला दर रविवारी घाम फुटत असे ती वस्तू मला हवी होती. हे कोणाला कसं सांगायचं? "बघू," मी म्हणाले. "आई, तू?" त्यानं विचारलं. "तिला विचार," आई म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं." आणि तो गेल्यावर दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: ठरवलं आहे, महिनाअखेर बोट न्यायला येतील, त्यांना करडा रंग हवाय, लाकडी पट्ट्यांचा, ताई तू दुकानात सांगून टाक.

विनाइलच्या दुकानात शिरल्या शिरल्या नाकात जो वास जातो तो नव्या बुटांचा, रबराचा आणि गोंदाचा मिळून झालेला असतो. भिंतीला टेकून रोल उभे होते, माणसं रांगेत उभी असावीत तसे, काही जाड, काही बारीक. दुकानदारानं मला ओळखलं. बाबांना तो मास्तर म्हणायचा. "मास्तर असे हातात घेऊन बघायचे," तो म्हणाला आणि त्यानं एक कड चिमटीत धरून दाखवली. "मी म्हटलं, मास्तर, याची पँट नाही शिवायची. तर म्हणाले, शिवणारा आहे कुठे आता, म्हणूनच बोटीला घालतोय." तो हसला, मग आपण हसायला नको होतं असं वाटून त्यानं कड हातातून सोडली. "कुठला ठरवला होता त्यांनी शेवटी?" "सकाळी सांगणार होते," मी म्हणाले. मग घेणाऱ्याला करडा हवाय हे सांगितलं. त्यानं करड्या पट्ट्यांचा रोल थोडा उलगडून जमिनीवर पसरला. छान होता. म्हणजे त्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. एखाद्या दवाखान्यात, एखाद्या ऑफिसात, कुठेही शोभला असता. मी वाचनालयात रोज ज्या जमिनीवर चालते ती याच रंगाची आहे आणि तिथे मला ती दिसतही नाही. मी त्या करड्या रंगाकडे बघत उभी राहिले आणि पुन्हा पुन्हा एकच वाटत राहिलं, की ढगाळ दिवशी तलावाचा रंग हाच असतो; जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं हे मला यावर उभं राहून कळणार नाही. मग वाटलं, पण उभं कोण राहणार आहे? मी नाही. रिसॉर्टवर सुट्टीला आलेली माणसं, हातात ग्लास, नजर वर. "मापं आणली आहेत?" दुकानदारानं विचारलं.

मापं म्हणजे बाबांचा फर्मा, ज्यावरून कापायचं तो कागदी आकार. तो त्यांच्या खोलीच्या दारामागे गुंडाळी करून उभा ठेवलेला मला सापडला होता. खाकी कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून केलेला, खडूच्या खुणा, कोपऱ्यांना त्यांच्या त्या ठाशीव गोलाया. मी तो तशाच गुंडाळीत आणला होता, उलगडून बघायचं धैर्य झालं नव्हतं. दुकानदारानं तो जमिनीवर सोडला आणि चारी टोकांवर नमुन्यांचे ठोकळे ठेवले. मग डोकं एका बाजूला कलतं करून बघत राहिला. "मॅडम, हे अर्धंच आहे."

मी वाकून बघितलं. एका लांब कडेवर बाबांनी खडूनं लिहिलं होतं, घडी. मला एकदम कळलं आणि हे इतकं बाबांचं होतं की तो कागद जणू बाबांच्या आवाजात खोकला. "अर्धंच असतं ते," मी म्हणाले. "कोटाची पाठ अशीच कापतात. कापड दुमडायचं, अर्धा फर्मा घडीवर ठेवायचा आणि कापायचं. उलगडलं की दोन्ही बाजू एकसारख्या."  दुकानदार सज्जन माणूस होता, मास्तरांचं माप चुकलं असं त्याला म्हणवेना. "पण मॅडम," तो शेवटी म्हणाला, "बोट म्हणजे माणूस नाही. स्टिअरिंग एकाच बाजूला असतं. या फर्म्यात त्याच्या खांबाचं भोक आहे. घडीवर कापलं तर डावीकडेही पडेल. दोघं जण चालवणार आहेत का बोट?" आणि मी हसले. मला थांबवता येईना. त्या वासात, त्या उभ्या रोलांच्या पुढे मी उकिडवी बसून हसत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ते हसण्याचंच होतं, आणि दुकानदार घाबरून पाण्याची बाटली शोधत होता. जन्मभर माणसंच मापलेला माणूस. बोटीलाही दोन खांदे असणार, दोन बाह्या असणार. एक मात्र मला तिथेच आठवलं. दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस मी पाहिलेला नाही, असं बाबाच म्हणायचे. तरी ते घडीवरच कापायचे. "फरक ट्रायलला निघतो," ते म्हणत. आधी सारखं कापायचं, मग अंगावर घालून बघायचं, मग एका बाजूला सोडायचं, एका बाजूला घ्यायचं. त्यांचा भरवसा ट्रायलवर होता. ट्रायल राहिली.

"दुसरी बाजू मोजून आणा," दुकानदार म्हणाला. "एकट्यानं नाही होणार. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी घ्या. आणि रंग तेव्हाच सांगा, घाई नाही."

आईला मी फोनवर सांगितलं, की वाचनालयातल्या कुणाला तरी घेऊन जाईन. ती म्हणाली, "वाचनालयातलं कशाला? मी येते. जन्मभर टेपचं दुसरं टोक धरूनच उभी आहे मी." हे खरं होतं. दुकानात काज आणि बटणं तिची असत, आणि लांब कोटाचं माप घ्यायचं असलं की बाबा नुसता हात मागे करत, टोक तिच्या हातात जाई. मला ते चित्र माहीत होतं, तरी फोन ठेवल्यावर मी गोंधळून उभी राहिले. आई आणि मी दोघीच कुठे गेलेलो असं मला आठवेना. आमच्या घरात वाटण्या कुणी केल्या नव्हत्या, पण झाल्या होत्या; धाकटा आईचा, मी बाबांची. आईशी माझं भांडण कधीच नव्हतं. शेजारच्या घरातल्या माणसाशी बोलावं तसं आम्ही बोलायचो, औषधं घेतलीस का, पंखा दुरुस्त झाला का. मधे बाबा असत आणि ते दोन्हीकडे बोलत. आता त्या जागेवर कोणीच नव्हतं आणि आम्ही दोघी त्या मोकळ्या जागेच्या दोन कडांना उभ्या होतो, फार सभ्यपणे.

रविवार मुद्दाम धरला नव्हता, सुट्टी म्हणून आला. ऊन होतं, वारा नव्हता. धक्क्याला बोट बांधलेली, कार्पेट उखडून बाबांनी बसवलेल्या नव्या प्लायवूडच्या फळ्या उघड्या, पिवळट, कठडा, बाक आणि स्टिअरिंगची खुर्ची तेवढी जागेवर. माझा नकाशा गेला होता. ऑइलचा डाग, टक्कल, जळकं भोक, काही नाही. नजर ठेवायला एक खूण नव्हती, नुसते स्क्रू. मी धक्क्यावर उभी राहून पाय पुढे करायची हिंमत गोळा करत होते तेवढ्यात आई माझ्या शेजारून सरळ पुढे गेली आणि फुटपाथवरून रस्त्यावर उतरावं तशी बोटीवर उतरली. बोट तिच्या वजनानं जरा खाली गेली, पुन्हा वर आली. आई त्याबरोबर खाली गेली, वर आली, आणि तिनं पर्स बाकावर ठेवली. मग स्टिअरिंगच्या खुर्चीत जाऊन बसली. हात मांडीवर, पाय जुळवलेले, बसमध्ये बसावं तशी. "बरं आहे की," ती म्हणाली. "एवढं काय त्यात."

आम्ही मोजायला लागलो. ती टोक दाबून धरायची, मी दुसऱ्या टोकाला वाकून खडूनं फळीवर खूण करायची. तिला सांगावं लागत नव्हतं. मी टेप ताणायच्या आधी ती बोटानं टोक पक्कं करत होती, मी सैल सोडल्याबरोबर ती पुढच्या कोपऱ्याला पोचलेली असे. कामात ती बोलत नाही. मीच बोलले. खाली बघत, जरा सहज वाटेल अशा बेतानं मी म्हणाले, "तू कधी आली नाहीस."

"कुणी बोलावलं?"

"बाबा दर रविवारी विचारायचे."

"विचारायचे. येतेस का, असं. चल, असं नाही. येतेस का म्हटल्यावर काय उठून निघायचं माणसानं?" तिनं टेपचं टोक पुढे सरकवलं. "आणि हॉर्न वाजला की तू लगेच खाली यायचीस, ते सांगायचे मला. मी म्हटलं, आठवडाभर पोर पुस्तकांत तोंड घालून असते, एक दिवस बापाबरोबर मोकळी होते. कशाला मधे जायचं? तुमचं होतं ते."

 दर रविवारी हॉर्न वाजल्यावर जिना उतरताना मी मनात म्हणत असे, आज आई असू दे गाडीत. ती असली की तिच्या शेजारी बसता येईल, मांडीला मांडी लागेल, किंवा तीच माझ्या जागी जाईल आणि मला घरी राहता येईल. गाडीत बाबा एकटे असत, शेजारची सीट हातानं झटकत. आणि तिकडे ही स्वयंपाकघरात, आपण मधे नको म्हणून. इतक्या वर्षांत आम्ही तिघांनी एकमेकांच्या सुखाला किती जपलं होतं!

"रंग कुठला सांगितलास?" आईनं विचारलं.

"त्यांना करडा हवाय. लाकडी पट्ट्यांचा."

"करडा?" तिनं पाण्याकडे बघितलं, मग फळ्यांकडे. "मला विचारशील तर नको. कड कळायला पाहिजे. पाय कुठे ठेवायचा ते दिसलं पाहिजे की नाही माणसाला?" मग म्हणाली, "पण घेणाऱ्याची आवड. आपल्याला काय. एकदा गेली की सुटलो."

"तुला सुटायचं होतं?"

"मला कशाला? मला काय त्रास आहे बोटीचा." टेप अजून आमच्या मधे ताणलेली होती. "तुझ्यासाठी म्हटलं मी. त्या दिवशी मागाहून धाकट्याला मीच सांगितलं, विकून टाक रे. बोट डोळ्यांसमोर राहिली की ताईला ते आठवत राहतील, ती बोलायची नाही आणि आतल्या आत झुरायची. तू काय, बघू म्हणालीस. तुझं बघू म्हणजे हो असतं, हे मला तू एवढीशी होतीस तेव्हापासून ठाऊक आहे."

"नसतं," मी म्हणाले.

"काय नसतं?"

तेवढ्यात पलीकडून एक मोटरबोट गेली. लांबून गेली, तरी तिच्या मागे उठलेली लाट तिरकी, बिनघाईची, आमच्याकडे येताना मला दिसली, कारण मी पहिल्यांदाच नजर वर केली होती. मग फळ्या उचलल्या गेल्या. एका बाजूनं आधी, मग दुसऱ्या. माझ्या हातातून टेप सुटली, सरसरत आईच्या हातात जाऊन आदळली आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरून खाली बसले, नव्हे, बसवली गेले. गुडघे प्लायवूडवर आपटले.  दोन नळकांड्यांच्या मधे पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. आई उठून आली. बोट हलत होती आणि ती त्या हलण्यातून सरळ चालत आली, माझ्यासमोर बसली आणि तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा. तिच्या तर्जनीच्या टोकावर सुयांनी झालेला खरखरीतपणा अजून आहे हे मला त्या क्षणी कळलं. "काय गं? चक्कर आली? खाल्लं नाहीस का सकाळी?"

उत्तर तयार होतं. काही नाही, ऊन लागलं. बाबांना मी किती तरी वेळा ते दिलं होतं, आणि त्यांनी दर वेळी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली होती. ते उत्तर जिभेवर आलंही. आई वाट बघत होती. तिच्या मागे पाणी होतं, उन्हानं तुकडे तुकडे झालेलं, आणि मला त्याच्याकडेच बघत बोलावं लागलं, कारण आईकडे बघायचं तर ते तिच्या मागे दिसणारच होतं.

"मला पाण्याची भीती वाटते, आई," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून वाटते. बाबांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला नेलं नसतं. बोट विकायची नाही."